पेटीचे सुधारक

हार्मोनियम सुधारणाऱ्या विद्वानांना आमचा साष्टांग नमस्कार. पण त्यांनी एकदा भर श्रावणात रत्नागिरीला यावं.

मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, अशा तक्रारींवरून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. १९७१ साली बंदी सैल झाली, सुधारकांची हौस मात्र तशीच घट्ट राहिली. कुणी कप्लर बसवला, कुणी स्केल चेंजर, डॉ. विद्याधर ओकांनी तर बावीस श्रुती बसवल्या. विद्वत्तेला तोड नाही! पण इथल्या दमट हवेत लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी वर येत नाही आणि बावीस श्रुती राहिल्या बाजूला, एकच सूर आरतीभर भोंग्यासारखा वाजत राहतो.

शिवाय मैफलीतली पेटी जागची हलत नाही. आमची गणपतीत घरोघर हिंडते, पावसातून, बांधावरून, कुणाच्या तरी डोक्यावरून. त्या डोक्यावर स्केल चेंजरचं ओझं आणखी कशाला? बुवांची पट्टी वर्षानुवर्षं ठरलेली!

तेव्हा सुधारकहो, आधी न फुगणारी, हलकी पेटी द्या. नाहीतर बुवा किबोर्ड बगलेत मारतील आणि भाता कायमचा मिटेल. मग त्या बावीस श्रुती मोजायच्या कुणी?