पाण्यावरचा शिक्का सक्तीचाच हवा

भाईंदर पश्चिमेची राई, मुर्धा, मोरवा ही गावे खाडी आणि मिठागरांना लागून आहेत. भोवती पाणीच पाणी, पण खारे. म्हणून हळदीच्या मांडवापासून कामगारांच्या गाळ्यापर्यंत वीस लिटरचे जार पोहोचतात. या पाण्याची हमी कोण देतो, असे मी विचारतो. सरकारचे उत्तर संतापजनक आहे: कंपनीला वाटले, तर ती देईल.

२००१ पासून बाटलीबंद पाण्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ही सक्ती उठवली, उद्योजकांना दोन-दोन दारे ठोठावायला नकोत म्हणून. नोव्हेंबरमध्ये त्याच प्राधिकरणाने हेच पाणी जास्त जोखमीच्या पदार्थांत घातले आणि वर्षाला एक लेखापरीक्षण बंधनकारक केले. जोखीम एवढी कळते, तर पहारा का काढला?

ही दोन दारे एकाच घराची नाहीत. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक धंद्याला मिळतो, आयएसआय चिन्ह मालाला. त्यासाठी कारखान्यात प्रयोगशाळा लागे, नमुने बाजारातूनही उचलले जात. आता हा खर्च प्रामाणिक उत्पादकाने स्वखुशीने सोसायचा आणि न सोसणाऱ्याने स्वस्तात विकून त्याचे गिऱ्हाईक पळवायचे.

सक्ती होती तेव्हा तरी पाणी शुद्ध होते का, असे विचारतात. नव्हते. २००३ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्ली-मुंबईतल्या बाटल्यांत कीटकनाशके शोधून दाखवली. पण त्यानंतर सरकारने मानक कडक केले: कोणतेही एक कीटकनाशक लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅमच्या वर नको. नियम तोकडा पडला तर तो कडक करायचा असतो, मोडीत काढायचा नसतो. आणि एवढा सूक्ष्म अंश माणसाच्या जिभेला कसा कळणार? भाजी निवडून घेता येते, पाणी नाही. म्हणून ‘ग्राहकाने जागरूक राहावे’ हा उपदेश मला निर्लज्ज वाटतो.

सैल झाकणाचा थंड जार तर सीलबंद नसल्याने बाटलीबंद पाण्याच्या व्याख्येतच बसत नाही. उन्हात राबणारा हमाल आणि रिक्षावाला नेमके तेच पाणी पितात.

चिन्ह पुन्हा सक्तीचे करा. जारही त्याच कायद्याखाली आणा. नापास उत्पादकांची नावे मराठीत जाहीर करा. हे होईपर्यंत या पाण्याने कोणी आजारी पडला, तर दोष पिणाऱ्याचा नाही, पहारा उठवणाऱ्यांचा आहे.