परसातल्या खोलीत स्टुडिओ: करावा, पण किती?

दिल्लीत परसदार आता जुन्या कोठ्यांनाच उरले आहे. बाकी भूखंडांवर खाली पार्किंग आणि वर चार मजले उभे राहिले. तरी करोलबागेत, जनकपुरीत, फरिदाबादच्या जुन्या सेक्टरांत घरामागे एखादी खोली असते. कधी गॅरेज, कधी नोकरांची खोली, बहुतेक वेळा जुने कूलर आणि रजयांच्या पेट्यांनी भरलेली. तिथे छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ करावा, हा विचार आता बऱ्याच घरांत चालतो. कुणाला गाणे ध्वनिमुद्रित करायचे असते, कुणाला पॉडकास्ट करायचा असतो, कुणाला मराठी ऑडिओबुक वाचायचे असते.

करावा म्हणणाऱ्यांकडे दाखले भक्कम आहेत. ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये चेन्नईत घराच्या परसात 'पंचतन रेकॉर्ड इन' उभारला आणि तीन वर्षांनी 'रोजा' आला. दिल्लीच्या 'इंडियन ओशन'ने करोलबागेतल्या एका जुन्या बंगल्यात वर्षानुवर्षे तालमी केल्या आणि २०१० च्या अल्बमला त्याचा पत्ताच नाव म्हणून दिला: '१६/३३० खजूर रोड'. मात्र रहमान यांचा दाखला जपून द्यावा. ते तेव्हा जाहिरातींच्या जिंगल्स करणारे मुरलेले व्यावसायिक होते. हौस म्हणून अडगळ आवरायला निघाले नव्हते. पण स्वतःच्या जागेत तासाचे भाडे चढत नाही, म्हणून एकच ओळ पुन्हा पुन्हा गाऊन बघता येते, हे खरेच आहे. बरा माइक, ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोनही आज पंचवीस-तीस हजारांत जमतात.

घोळ होतो तो खोलीच्या बाबतीत. खोलीतला आवाज घुमू न देणे आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले स्वस्तात होते. रॉकवूलचे जाड पॅनल कापडात गुंडाळून कोपऱ्यांत आणि भिंतींवर लावले, खाली सतरंजी घातली, की फरक लगेच ऐकू येतो. नुसत्या रजया टांगल्या तर वरच्या पट्टीचे आवाज मऊ होतात, खर्ज तसाच घुमत राहतो. दहा फूट लांब, तेवढीच रुंद आणि उंच खोली यासाठी सर्वांत वाईट. तिन्ही दिशांना ५६ हर्ट्झच्या आसपासचे आणि त्याच्या पटीतले सूर एकाच ठिकाणी फुगतात; ११२ हर्ट्झ तर पुरुषी आवाजाच्या खर्जातच येतो.

दुसरे काम मात्र वजनाचे आहे. आवाज अडतो तो जड भिंतीने आणि फट न ठेवता बसवलेल्या दाराने. अंड्यांच्या ट्रेने नव्हे. नऊ इंची विटांच्या तीन मीटर उंच भिंतीचे वजन दर मीटर लांबीला तेराशे किलोच्या घरात जाते. म्हणून बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, हा उद्योग करूच नये. दिल्ली भूकंपाच्या चौथ्या झोनमध्ये आहे आणि जुन्या स्लॅबवर असा भार चढवणे हा शुद्ध अविचार आहे. जमिनीवरची परसातली खोली इथे सरस ठरते.

इतके करूनही द्वारकेत किंवा वसंतकुंजात डोक्यावरून विमान जायचे ते जाणारच. शिवाय पूर्ण बंद खोलीत मे महिन्यात बसणार कोण? कूलर आणि विंडो एसी माइकला चालत नाहीत. स्प्लिट एसी शांत असतो, पण तो आतलीच हवा फिरवतो, ताजी हवा आणत नाही. गाणाऱ्याला ते लवकर जाणवते. त्यातल्या त्यात हिवाळा बरा, पंखा बंद ठेवता येतो; तेव्हा गल्लीत वरातीचा बँड असतो, ही गोष्ट वेगळी.

आगीच्या बाबतीत तडजोड नको. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये 'द स्टेशन' या नाइटक्लबात आवाजासाठी भिंतींना लावलेल्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला आणि शंभर माणसे गेली. बाजारातला स्वस्त फोम, जुनी वायरिंग आणि बाहेर पडायला एकच दार, असा मेळ घरात बसवू नये.

शेजाऱ्यांचीही बाजू आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. एकट्या गळ्याला किंवा सतारीला ती फारशी आड येत नाही. ड्रमला नक्की येते.

तेव्हा आमचे मत असे: आवाज, तानपुरा, एखादे वाद्य एवढ्यापुरता परसातला स्टुडिओ जरूर करावा, पण खोलीचा घुमारा आवरण्यापलीकडे खर्च करू नये. ड्रम किंवा पूर्ण वाद्यवृंद असेल तेव्हा तासावर स्टुडिओ घ्यावा, ते स्वस्त पडते. आणि गवंडी बोलावण्याआधी आठवडाभर दारे लावून सकाळी, दुपारी आणि रात्री मोबाइलवर त्या खोलीतली नुसती शांतता रेकॉर्ड करा, मग ती हेडफोनवर ऐका. काम होण्याइतके शांत तास दिवसात सापडत नसतील, तर खोली रजयांनाच राहू द्या.