सायकलवाल्याला दोन हात जागा

पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. आज हडपसरच्या गाडीतळावर पहाटे पाचला कोणी सायकलवर दिसलाच, तर तो पहिल्या पाळीचा कामगार तरी असतो, नाहीतर ट्रायथलॉनचा वेडा! पोहणे, सायकल आणि धावणे सलग करायचा हा खेळ 2000 साली सिडनीत ऑलिम्पिकमध्ये आला. त्यातल्या ‘आयर्नमॅन’ प्रकारात 3.8 किलोमीटर पोहून, 180 किलोमीटर सायकल मारून, वर 42.2 किलोमीटर धावायचे. मिलिंद सोमण यांनी 2015 साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला ते करून दाखवले.

पोहायला तलाव मिळतो, धावायला मैदान. सायकल मात्र रस्त्यावरच चालवावी लागते. म्हणून मंडळी उजाडायच्या आत सोलापूर रस्ता धरतात, नाहीतर सासवडच्या वाटेने दिवे घाट चढतात. चढाची धास्ती नसते. असते ती मागून येणाऱ्याची. कानाशी कर्कश हॉर्न, कोपराला घासून जाणारा डंपर. जड वाहन वेगाने शेजारून गेले की हवेच्या झोताने हलकी सायकल डगमगते, पण चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. ‘सायकल ट्रॅकवरून जा की!’ असे सुनावणाऱ्यांनी एकदा त्या ट्रॅकवर काय काय उभे असते ते पाहून यावे.

आषाढवारीत माउलींच्या पालखीसाठी हाच घाट वाहनांना बंद ठेवता येतो. मग रविवारी पहाटे दोन तास त्याची एक बाजू सायकलींना का मिळू नये? खेळाडूंचे त्यात भागेल. डबा अडकवून निघालेल्या कामगाराला मात्र सोमवारीही सायकलच काढायची असते. त्याला ओलांडताना मोटारवाल्याने दोन हात अंतर सोडले, तर त्याला किती उशीर होणार आहे?