कायद्याने नेलेली मुले, कायद्याने दिलेली सुट्टी

कॅनडाच्या संसदेने १९२० साली आपल्या आदिवासीविषयक कायद्यात एक दुरुस्ती केली. सात ते पंधरा वर्षांच्या आदिवासी मुलांनी सरकार ठरवील त्या शाळेत गेलेच पाहिजे आणि मूल न पाठवणारे आईबाप शिक्षेस पात्र, असा तिचा आशय होता. ३ जून २०२१ रोजी त्याच संसदेच्या आणखी एका कायद्याला मंजुरी मिळाली आणि ३० सप्टेंबर हा ‘सत्य आणि सलोखा दिवस’ म्हणून केंद्रीय सुट्टीचा झाला. मधली शंभर वर्षे डोळ्यांसमोर ठेवल्याखेरीज या सुट्टीचे मोल कळणार नाही.

आदिवासी मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळांची सुरुवात १९२० च्या दुरुस्तीहून जुनी. ऑन्टॅरिओतील ब्रँटफर्डच्या मोहॉक इन्स्टिट्यूटमध्ये १८३१ पासून मुले ठेवून घेतली जाऊ लागली. १८८० च्या दशकात पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड यांच्या सरकारने चर्चसंस्थांना हाताशी धरून अशा शाळांची देशभर व्यवस्था उभी केली. फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट या आदिवासी समाजांची दीड लाखांहून अधिक मुले या शाळांतून गेली. पोचल्यावर केस कापायचे, अंगावरचे कपडे काढून घ्यायचे, मातृभाषेत बोलले तर मारायचे. शेवटची शाळा बंद झाली ती १९९० च्या दशकात. तिथे शिकलेल्यांपैकी काही जण आज पन्नाशीच्याही आत आहेत.

‘त्या काळी कोणाला कल्पना नव्हती’ हा बचाव इथे टिकत नाही. डॉ. पीटर ब्राइस हे आदिवासी खात्याचेच मुख्य वैद्यकीय अधिकारी. त्यांनी १९०७ साली पश्चिमेकडच्या शाळा तपासल्या. कोंदट खोल्या, दाटीवाटीने लावलेल्या खाटा, क्षयाची मुले निरोगी मुलांच्या शेजारी झोपलेली. ज्या शाळांनी हिशेब दिला, त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मरण पावला होता. अहवाल वर्तमानपत्रांत गाजला. खात्याने मात्र ब्राइस यांच्या मुख्य शिफारशी बाजूला सारल्या आणि पुढे त्यांची तपासणीही थांबवली. नोकरीतून बाहेर काढले गेल्यावर १९२२ साली त्यांनी स्वतःच पुस्तिका छापून या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हटले. त्याच्या दोनच वर्षे आधी, सगळे ठाऊक असताना, याच खात्याने, डंकन कॅम्पबेल स्कॉट त्याचे प्रमुख अधिकारी असताना, शाळेची सक्ती कायद्यात आणली होती. १९२७ मध्ये तर जमिनीच्या हक्कासाठी दावा लढवायला सरकारी परवानगीविना पैसा गोळा करणेही आदिवासींना गुन्हा ठरले, आणि ती बंदी १९५१ पर्यंत राहिली. दाद मागण्याची वाटच कायद्याने बुजवली होती.

म्हणून ही सुट्टी सरकारच्या औदार्याच्या खात्यावर मांडता येत नाही. १९९० साली मॅनिटोबातील आदिवासी नेते फिल फॉन्टेन यांनी आपल्यावर शाळेत झालेल्या अत्याचाराबद्दल जाहीरपणे सांगितले. मग माजी विद्यार्थी न्यायालयात गेले. हजारो दाव्यांनंतर २००६ मध्ये तडजोड झाली आणि सत्य व सलोखा आयोग हा त्या तडजोडीचाच भाग होता. न्या. मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखाली आयोगाने साडेसहा हजारांहून अधिक लोकांचे म्हणणे ऐकले आणि २०१५ मध्ये ९४ मागण्या मांडल्या. सुट्टीची मागणी त्यांत ऐंशीवी. तारीखही लोकांतूनच आली. फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांच्या असताना, १९७३ साली, आजीने घेतलेला नवा नारिंगी शर्ट घालून शाळेत गेल्या; पहिल्याच दिवशी तो काढून घेतला गेला. २०१३ पासून लोक ३० सप्टेंबरला नारिंगी शर्ट घालू लागले, कारण मुलांना घरातून नेले जाई ते याच सुमारास.

सुट्टीची मागणी ९४ मागण्यांतली सर्वांत सोपी. तरी तिला सहा वर्षे लागली. जॉर्जिना जोलिबवा या खासदारांचे विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर होऊनही २०१९ मध्ये सिनेटमध्ये अडकून संपले. मे २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील कॅम्लूप्सच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात जमिनीखालचा वेध घेणाऱ्या रडारने संभाव्य थडग्यांच्या खुणा दाखवल्या, आणि सुट्टीचे दुसरे, सरकारी विधेयक काही दिवसांत कायदा झाले. तिथे उत्खनन झालेले नाही, म्हणून सगळाच इतिहास खोटा, असे म्हणणारे आता पुढे येतात. मुलांच्या मृत्यूचा पुरावा त्या एका रडारवर टांगलेला नाही. तो ब्राइस यांच्या अहवालात आहे, खात्याच्या दप्तरात आहे, आणि नावानिशी नोंदवलेल्या चार हजारांहून अधिक मुलांच्या यादीत आहे.

सुट्टीची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. केंद्राचा कायदा केंद्रीय कर्मचारी, बँका, टपाल, विमानसेवा एवढ्यांपुरताच चालतो. बाकीचे प्रांतांच्या हाती. ब्रिटिश कोलंबिया आणि मॅनिटोबा यांनी २०२३ मध्ये सुट्टी स्वीकारली. ऑन्टॅरिओने, म्हणजे ज्या प्रांतात मोहॉक इन्स्टिट्यूटची इमारत उभी आहे त्याने, ती सर्व कामगारांसाठी वैधानिक केली नाही. आणि आदिवासी मुलांना घराबाहेर नेले जाणे थांबलेले नाही : २०२१ च्या जनगणनेनुसार चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत आदिवासी मुले आठ टक्क्यांच्या आसपास, पण सरकारी देखरेखीखाली परक्या घरी वाढणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त.

तरीही आमच्या मते ही सुट्टी हवीच होती. ज्या राज्याने अन्याय कायद्यात लिहिला, त्याने त्याची कबुलीही कायद्यातच लिहिली पाहिजे. भाषणातली क्षमा सरकार बदलले की विरून जाते. आपल्याकडे १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी, ब्रिटिश राजमुकुटाच्याच सत्तेखाली, माणसांना जन्मतः गुन्हेगार ठरवून सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारांआड ठेवले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कलंक कायद्याने पुसला, पण त्या तारखेचा विमुक्त दिन आजही मुख्यतः त्या समाजांनीच पाळायचा राहिला आहे.

टोरांटो-व्हँकूव्हरच्या मराठी घरांशीही या दिवसाचा थेट संबंध आहे. आयोगाच्या चौऱ्याण्णवाव्या मागणीनुसार जून २०२१ पासून कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ बदलली. ती घेणारा प्रत्येक नवा नागरिक फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांचे मूळनिवासी म्हणून असलेले आणि करारसिद्ध हक्क मान्य करणाऱ्या संविधानासह कॅनडाचे कायदे पाळण्याचे वचन देतो. ही शपथ घेतलेल्या मराठी माणसांनी ३० सप्टेंबरला, सुट्टी असो वा नसो, आपल्या जवळच्या आदिवासी समाजाच्या कार्यक्रमाला मुलांसह जावे आणि ऐकावे.