ई-बाईक घ्या, पण बॅटरी कोण उघडणार ते आधी विचारा

रोवणीच्या आधी तिघा-चौघांनी एकच विचारलं, ई-बाईक घेऊ का? पेट्रोलचा खर्च जड जातो, हे खरंच आहे. पण शोरूमवाला एका चार्जिंगला किती किलोमीटर ते सांगतो, सातव्या वर्षाचं काही बोलत नाही. आपल्याकडे गाडी दहा-पंधरा वर्षं चालवायची असते, तीही युरियाचं पोतं लादून, पांदण रस्त्यानं.

मोटर टिकते. त्यात झिजणारं फार थोडं. टायर, ब्रेक, बेअरिंग गावातला मिस्त्री करतो. अडतं ते बॅटरी, कंट्रोलर आणि चार्जरपाशी. बॅटरीत शेकडो छोटे सेल वेल्डिंग करून जोडलेले असतात. त्यातला एक गट कमजोर पडला की आतलं सर्किट, म्हणजे बीएमएस, सगळी बॅटरीच बंद करतं. बाकीचे सेल चांगले असूनही गाडी उभी. काही कंपन्या पॅक असा चिकटवून बंद करतात की उघडायलाच नको. मग नवी घ्या, म्हणजे गाडीच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा गेला.

आपला फवारणी पंप बघा. १२ व्होल्टची बॅटरी गेली की तालुक्याला कुठल्याही दुकानातून आणतो, दोन वायर जोडतो, काम सुरू. ई-बाईकच्या बॅटरीला प्रत्येक कंपनीचा वेगळा आकार, वेगळं कनेक्टर, वेगळं सॉफ्टवेअर. कंपनी बंद पडली तर? सालेकसा-देवरीकडच्या माणसानं गाडी टेम्पोत घालून नागपूरला न्यायची का?

२०२२ मध्ये गाड्यांना आगी लागल्या, त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. चांगलं झालं. त्याच वर्षी डिसेंबरात ‘राईट टू रिपेअर’ पोर्टलही आलं, त्यात शेती अवजारं आहेत, वाहनंही आहेत. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. माझं म्हणणं, ज्या गाडीला सबसिडी द्यायची, त्या कंपनीनं दहा वर्षं सुटे भाग द्यायचे आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्रीला द्यायची, ही अट घाला. पैसा आपल्याच करातला आहे. आयटीआयमध्येही बॅटरी दुरुस्ती शिकवा, पोरांना गावातच धंदा मिळेल. मात्र घरी कोणी पॅक उघडू नका, आग लागते.

घ्यायचीच असेल तर एलएफपी बॅटरीची बघा. वजन थोडं जास्त, पण उष्णता आणि चार्जिंगचे फेरे जास्त सोसते. आपल्या मे महिन्यात हे महत्त्वाचं. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत थंड होऊ द्या. महिनाभर वापर नसेल तर अर्धी चार्ज ठेवा, शून्यावर सोडली तर मरते. आणि मोटरपंपाचा पाइप लावून धुऊ नका! आयपी ६७ लिहिलं असलं तरी ती चाचणी साचलेल्या पाण्यात बुडवायची आहे, जोराच्या फवाऱ्याची नाही.

वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा. क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून देतात, ते त्यात लिहिलेलं हवं. आणि आजच्या भावानं नवी बॅटरी कितीला, ते दुकानदाराकडून लिहूनच घ्या.

गोरेगाव, आमगाव, अर्जुनी मोरगाव भागात कोणाकडे पाच वर्षांवरची ई-बाईक असेल तर मला कळवा. बॅटरी बदलली का, किती पैसे लागले, गाडी किती दिवस उभी होती. आकडे जमले की इथंच टाकतो.