उदादेवीला मखर नको, मालिका द्या

प्रति,
दूरदर्शन, खासगी वाहिन्या आणि चित्रकथांचे प्रकाशक यांस,



लखनौच्या सिकंदरबाग चौकात उदादेवी पासीचा पुतळा आहे, हातात बंदूक घेतलेला. १८५७च्या उठावात १६ नोव्हेंबरला ही बाग इंग्रजांच्या हाती पडल्यावर दमलेले गोरे शिपाई पिंपळाखालच्या रांजणांतलं पाणी प्यायला गेले आणि तिथेच मरून पडू लागले. जखमा वरून झालेल्या दिसतात, हे एका कॅप्टनच्या ध्यानात आलं. वॉलेस नावाच्या शिपायानं नेम धरला. खाली पडलेल्या देहावर तंग लाल जाकीट, गुलाबी रेशमी विजार आणि घोडदळाची जड पिस्तुलं होती. ती बाई असल्याचं मग कळलं, आणि वॉलेस रडला. हे लिहिलंय ९३व्या हायलँडर्स पलटणीतल्या फोर्ब्स-मिचेलनं. त्याला तिचं नाव ठाऊक नव्हतं. ते पासी समाजानं जपलं.

सुपरहीरोला लागतं ते सगळं इथे आहे: पोशाख आहे, झाडावरचा अड्डा आहे, लपलेली ओळख आहे. नवरा मक्का पासी चिनहटच्या लढाईत पडला, असं परंपरा सांगते. म्हणजे पूर्वकथाही तयार. आणखी काय हवं?

पण तुमची खोड आम्हाला माहीत आहे. बाई पराक्रमी निघाली की तुम्ही तिला देवी करून मखरात बसवता, नाहीतर नायकाच्या वाट्याची वार्ताहर करता. ‘शक्तिमान’मधली गीता विश्वास आठवा. अमेरिकी चित्रकथांतली वंडर वुमन १९४१पासून टिकली, कारण दर अंकात तिला काम होतं. १९६८मध्ये प्रकाशकांनी तिची शक्ती काढून घेतली आणि तिला चक्क कपड्यांचं दुकान काढून दिलं! १९७२मध्ये ‘मिझ’ (Ms.) या स्त्रीवादी मासिकानं तिला मुखपृष्ठावर आणलं, आणि पुढच्याच वर्षी शक्ती परत आली. दूरदर्शननंही १९८९मध्ये ‘उडान’ मालिका दाखवली होतीच. तिथली कल्याणी सिंह उडत नव्हती, पोलीस अधिकारी होती. तरी घराघरांत पोचली.

तेव्हा उदादेवीला एका भागात मारून हार घालू नका. अवधच्या बेगम हजरत महलच्या फौजेतली तिची तालीम दाखवा, चुका दाखवा, मैत्रिणींशी भांडणं दाखवा. पिंपळ शेवटच्या भागात आला तरी चालेल. आणि कथा लिहायला बसाल तेव्हा लखनौच्या पासी वस्त्यांतल्या बायकांना नुसतं ‘संशोधनासाठी’ भेटू नका. त्यांना लेखकांत घ्या, श्रेयनामावलीत नाव द्या, मानधनही द्या.

आपली,
लखनौतली एक मराठी वाचक