गणिताच्या वहीतलं मांजर

परवा गणिताच्या वह्या तपासत होते. एका वहीच्या मागच्या पानावर बघते तर चौकोनच चौकोन, आणि त्यांत बोलणारं मांजर! रागावणारच होते, तेवढ्यात जेफ स्मिथ आठवला.

अमेरिकेतल्या या चित्रकारानं बालवर्गात असताना एक मोठ्या नाकाचं, पांढरंशुभ्र पात्र काढलं. तोच पुढे ‘बोन’ झाला. बोन म्हणजे हाड, बरं का! १९९१ साली स्मिथनं त्याची चित्रकथा स्वतःच छापायला घेतली. लिहायचं, काढायचं, छापून आणायचं, हिशेब ठेवायचा, सगळं एकट्यानं! शेवटी त्याची पत्नी विजया अय्यर चांगल्या पगाराची नोकरी सोडून मदतीला आली.

असे चित्रकार चित्रकथांच्या मेळाव्यांत टेबल मांडून बसतात. आपल्या जत्रेत खेळणीवाला बसतो ना, तस्सं. कुणी सही मागतो, कुणी नुसताच अंक चाळून पुढे जातो. ५५ अंकांची ‘बोन’ची गोष्ट २००४ साली संपली. तेरा वर्षं!

चुकलेली दोन गणितं आधी करून घेतली. मग विचारलं, “मांजराचं पुढे काय होतं रे?”

“बाई, अजून तीन पानं कोरी आहेत.”